अप्रगत विद्यार्थ्याची चिठ्ठी

"तुला अभिनय करावा लागणार नाही. तू जशी आहेस तशीच बस."

मॅडम हसून बोलल्या. वर्ग हसला. मीही हसले. माझ्या हातात चिठ्ठी होती. तिच्यावर टाइप केलेलं होतं: अप्रगत विद्यार्थी. उत्तर देताना अडखळतो. बोलीभाषेत बोलतो. पाठ चालू असताना बाहेर बघतो. पालक निरक्षर.

अकोल्याचं बी.एड. कॉलेज. बी.एड. तेव्हा एकाच वर्षाचं होतं. मी एम.एस्सी. करून आले होते, भौतिकशास्त्रात. आमच्या दर्यापूरकडच्या गावात, बौद्धपुऱ्यात, एवढं शिकलेली मी पहिली मुलगी. माय जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. बाप ट्रॅक्टर चालवतो, दुसऱ्याचा. प्रवेशाच्या दिवशी मॅडमनी आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग "बरं" म्हणाल्या. त्या "बरं"चा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

मॅडम पुण्यात शिकलेल्या. त्यांची पीएचडी चालू होती. विषय होता अभिरूप अध्यापन. म्हणजे खरी मुलं नसतात. आमच्यातलाच एक शिक्षक होतो, बाकीचे विद्यार्थी होऊन बाकावर बसतात. कोण हुशार, कोण खोडकर, कोण लाजाळू, ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. कोपऱ्यात तिवईवर मोबाइल. सगळं चित्रित होतं. मग मॅडम ते पाहून नोंदी करतात. खऱ्या वर्गात जाण्याआधी चुका इथेच होऊन जाव्यात, हा त्यातला हेतू. हेतू चांगला होता. मी आजही तसंच म्हणते.

चिठ्ठ्या दर आठवड्याला बदलायच्या. हुशार असलेला पुढच्या वेळी खोडकर व्हायचा. माझी चिठ्ठी बदलत नव्हती. मला ते महिनाभर कळलंही नाही. शाहीनने दाखवून दिलं. शाहीन परतवाड्याची. तिच्या घरचं शिवणकामाचं दुकान. हॉस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत.

ती म्हणाली, "मेरी चिठ्ठी हर हफ्ते बदलती. तेरी एकच है. देख तो सही."

मी म्हटलं, "मॅडमच्या ध्यानात नसन आलं."

"ध्यान में है उनके," ती म्हणाली आणि दिवा बंद केला.

मी दुसऱ्या दिवशी विचारणार होते. विचारलं नाही. कारण सांगते. मला ते काम जमत होतं. मी उठायचे, मान वाकडी करायचे, ओढणीचं टोक दातात धरायचे आणि म्हणायचे, "मले नाई येत, बाई." वर्ग खदखदून हसायचा. मॅडम वहीत लिहायच्या. तास संपला की पाठीवर हात ठेवायच्या. "किती नैसर्गिक करतेस." त्या एका शब्दासाठी मी आठवडाभर थांबायचे. एरवी माझ्याशी त्या बोलायच्या ते फक्त चुका सांगायला. आमच्याकडे बाया "मी जातो, मी करतो" असंच बोलतात. मी एकदा म्हटलं, "मॅडम, मी फळा पुसतो." त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तू मुलगा आहेस की मुलगी? आधी ठरव." त्यानंतर मी त्यांच्यासमोर बोलायच्या आधी वाक्य मनात दोनदा म्हणून बघायचे. चिठ्ठी हातात असली की ते करावं लागत नव्हतं. अप्रगत असले की माझी भाषा चालायची.

शिक्षक झालेल्यांसाठीही सूचना होत्या. छापील कागद. अप्रगत विद्यार्थी अडखळल्यास त्याला फार वेळ देऊ नये, बसवावे, प्रश्न दुसऱ्याकडे वळवावा. वर्गातल्या प्रत्येकाने तो सराव माझ्यावर केला. "बस. दुसरं कोण सांगेल?" वर्षभरात तीसएक वेळा मी ते ऐकलं. बसायचे.

दिवाळीत गावी गेले. चित्रण ग्रुपवर टाकलेलं होतं. मायला कौतुकानं मोबाइल दाखवला. म्हटलं, पाह्य, तुयी पोरगी कशी करते. माय चुलीसमोर बसली होती. तिने पाहिलं. हसली नाही. पुन्हा लावायला सांगितलं.

मग म्हणाली, "हे त कमला हाय."

तिने मोबाइलवर बोट ठेवलं.

"तिचं काहून करून राहिली तू? लोकं हासून राहिले ना तिच्यावर."

कमला माझ्या बाकावर बसायची, पहिलीपासून सातवीपर्यंत. मान वाकडी ती करायची. ओढणी दातात तीच धरायची. गुरुजी तिला कधी काही विचारतच नसत. विचारलं तर उत्तर यायच्या आधी "बस" म्हणत. सातवीनंतर तिने शाळा सोडली. तिच्या सगळ्या खोडी माझ्या अंगात होत्या आणि मी त्या अकोल्याच्या वर्गात वाटत सुटले होते. पंचवीस जणांना हसवायला. मला तोवर वाटत होतं, मी काहीतरी सोसतेय. मी कमलाला विकतही होते. ते मायने एका वाक्यात सांगितलं आणि भाकर उलटायला वळली.

तरी मी लगेच उठून उभी राहिले नाही. दिवाळीनंतर परत गेले, परत चिठ्ठी घेतली. फक्त ओढणी दातात धरायचं सोडलं. मॅडम म्हणाल्या, "आज मजा नाही आली."

पुढे खऱ्या शाळेत पाठवलं. अकोल्यातलीच शाळा, सातवीचा वर्ग. विषय बाष्पीभवन. मागे निरीक्षणाला मॅडम. मी विचारलं, वाऱ्यामुळे कपडे लवकर का वाळतात? मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. रंग गेलेला गणवेश, तेल लावून घट्ट वेणी.

"मॅडम, हवा ओल उचलून नेते. मंग नवी ओल निंगाले जागा होते. आमचं धुणं गच्चीवर लवकर सुकते, खोलीत नाई सुकत."

उत्तर बरोबर होतं. नुसतं बरोबर नव्हतं, पुस्तकापेक्षा पुढचं होतं. मी भौतिकशास्त्र शिकलेली, मला ते कळायला हवं होतं. कळलंही. पण मागे मॅडमचं पेन चालू होतं.

मी म्हटलं, "पुस्तकाच्या भाषेत सांग."

ती थांबली. ओठ हलले. शब्द आले नाहीत.

मी म्हटलं, "बस. दुसरं कोण सांगेल?"

आवाज माझाच होता. सूर माझा नव्हता. तीस वेळा ऐकलेला होता. मुलगी बसली. पहिल्या बाकावरच्या एकीने व्याख्या घडाघडा म्हटली, मी "शाब्बास" म्हटलं. तास संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "वर्गनियंत्रण छान."

त्या मुलीने परत हात वर केला नाही. शेवटच्या दिवशी मी तिच्या बाकाजवळ जाऊन बसले. म्हटलं, "तू त्या दिवशी बरोबर सांगितलं होतं. चुकी माही होती. पुन्हा सांगतं का?"

ती खाली बघत म्हणाली, "मले येत नाई, मॅडम."

मी जे वर्षभर नाटक म्हणून करत होते, ते तिने खरोखर म्हटलं. आणि ते तिच्याकडून मी म्हणवून घेतलं होतं. त्या दिवशी हॉस्टेलवर जेवले नाही. रडायलाही आलं नाही.

वर्ष संपताना मॅडमनी कागद फिरवले. संमतीपत्र. 'मी या संशोधनात स्वेच्छेने सहभागी होत आहे.' तारीख आधीच छापलेली होती, वर्षाच्या सुरुवातीची. सगळे भराभर सह्या करत होते. मी म्हटलं, माझ्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचायचं आहे. मॅडमना नवल वाटलं. पण त्यांनी संगणकावर पान उघडून दिलं. लपवण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटतच नव्हतं.

सहभागी क्रमांक सात. मी. पुढे लिहिलं होतं: 'अप्रगत भूमिकेत नैसर्गिक सहजता. सामाजिक पार्श्वभूमी भूमिकेस पूरक.'

दोनदा वाचलं.

"मॅडम, मी सही करत नाई."

"अगं, ही फक्त औपचारिकता आहे."

"त मंग माही सही नसली तरी चालन."

"तुझे अंतर्गत गुण अजून भरायचे आहेत. माहीत आहे ना?"

"माहीत हाय."

"एका चिठ्ठीचा एवढा राग?"

"एक नाई, मॅडम. वर्षभराच्या साऱ्या. एकदाही ते चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात गेली नाई. काहून?"

त्यांनी संमतीपत्रं एकावर एक सारखी केली. हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. मग समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "तुझ्याशिवाय माझा नमुना अपुरा राहील."

"राहू द्या," मी म्हटलं.

त्या फळ्याच्या प्रसंगानंतर पहिल्यांदा, हातात चिठ्ठी नसताना, मी त्यांच्यासमोर वाक्य मनात न जुळवता बोलले होते.

दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला. माझं चित्रण आणि माझ्याविषयीचा मजकूर संशोधनातून वगळावा. दोन प्रती. कार्यालयातले बाबू म्हणाले, "कायले भानगडीत पडता, मॅडम? महिनाभर राह्यला." म्हटलं, शिक्का मारा. त्यांनी दुसऱ्या प्रतीवर पोच दिली.

शाहीनने सही केली होती. ती मला म्हणाली, "मेरेको इसी साल नौकरी लगना जरूरी है." मी तिला काही बोलले नाही. आजही बोलत नाही.

निकाल लागला. लेखी परीक्षेत मी वर्गात पहिली. अंतर्गत गुणांत शेवटची. दोन्ही मिळून टक्केवारी अशी झाली की एका चांगल्या शाळेने अर्जच घेतला नाही. मॅडमचा प्रबंध पूर्ण झाला. सत्काराचे फोटो मी पाहिले. त्यात मी आहे की नाही, हे मला कुणी सांगितलेलं नाही. आणखी दोन अर्ज केले. उत्तर नाही.

आता अमरावतीत तासिका तत्त्वावर शिकवते. शिकवता शिकवता शिक्षणशास्त्रात एम.ए. केलं. माय अजून खिचडी शिजवते. कमलाला भेटायला मी एकदा गेले होते. तिला सगळं सांगितलं, मी काय केलं ते. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले कायले सांगून राहिली? जे हासले त्यायले सांग ना."

तिने मला माफ केलं नाही. मी मागितलीही नव्हती माफी, आणि ती मागण्यासारखी गोष्टही नव्हती.

त्यायले सांगायचं आहे. पीएचडीचा अर्ज भरला आहे. विषय तोच, अभिरूप अध्यापन. वर्गातल्या भूमिका कोण वाटतं, कुणाला कोणती देतं आणि कशावरून, हे मला शोधायचं आहे. प्रत्येकाला आधी विचारून, आधी सही घेऊन, लिहिलेलं त्यांना वाचून दाखवून. मुलाखतीच्या समितीत मॅडम असतील, असं कळलंय. असू देत. पूर्वानुभव विचारतील तेव्हा मी हेच सांगणार आहे, त्या मुलीला मी बसवलं त्यासकट. प्रवेश नाकारला तर पुढच्या वर्षी अर्ज करीन. त्याच्या पुढच्या वर्षीही करीन.