घरगुती कारण

आमच्या शाळेच्या भाऊसाहेबांना ‘घरगुती’ हा शब्द खपायचा नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘कारण’ असा एक रकाना असतो. पोरगं मध्येच शाळेतून निघालं की तिथे ‘घरगुती’ लिहून सगळे मोकळे होतात. आमचे हे कारकून मात्र पेनाला टोपण लावायचे आणि समोरच्या पालकाला विचारायचे, “घरगुती म्हंजी काय? चुलीनं काढलं का पोरीला शाळंतून?”

असा वैताग आणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दारात रांग लागलेली, मुख्याध्यापक आतून घंटी बडवताहेत आणि हे पालकाला चहा पाजत बसलेत! कुणाचं आधारवरचं नाव चुकलेलं निघायचं, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली. मग भाऊसाहेब त्या अडचणीच्या हात धुऊन मागे लागायचे आणि दाखल्याचा फॉर्म ड्रॉवरमध्ये पडून राहायचा.

“अहो, तुम्ही कारकून आहात, फौजदार नाही,” मी एकदा चिडून म्हणालो.

“व्हय सर. फौजदार असतो तर दोन मिंटात कबूल करून घेतलं असतं.”

शाळेची शिस्त माझ्याकडे होती. प्रार्थना सुरू झाली की फाटकाला कुलूप, उशिरा येणारा परत. एकदा असंच कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून मी ऑफिसात आलो, तर दहावीतल्या सुरेखाचे वडील माकणीकडच्या वस्तीवरून पहाटेच पायी निघून दाखला न्यायला आलेले.

“घरगुती लिवा,” ते म्हणाले. भाऊसाहेबांनी टोपण लावलं. मी कपाळावर हात मारला.

दुसरा चहा झाल्यावर वडील बोलले. “एसटी उशिरा येती. तवर फाटक बंद. माघारी यायला संध्याकाळपर्यंत गाडी न्हाय. पोरगी दिवसभर स्टँडवर बसती. गावात लोक काहीबाही बोलायलेत. दाखला द्या, घरी तर राहील.”

भाऊसाहेबांनी फॉर्मवर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला आणि सगळ्यांदेखत माझ्यापुढे हात पसरला. “सर, किल्ली.”

मला भयंकर राग आला. किल्ली टेबलावर आपटून मी निघून गेलो आणि आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. ते मात्र रोज एसटी येईपर्यंत फाटकात उभे राहायचे. सुरेखा पळत आत शिरली की मगच कुलूप लावायचे.

पुढच्या जूनमध्ये भाऊसाहेब निवृत्त होणार होते. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात सुरेखा दाखला न्यायला आली. भाऊसाहेबांनी रकान्यात सावकाश लिहिलं, ‘दहावी उत्तीर्ण’, आणि कागद माझ्याकडे फिरवला. “वाचा सर. याला म्हंत्यात कारण.”

ती गेल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून तिचा जुना फॉर्म काढला. कारणाच्या रकान्यात पेन्सिलीने माझं नाव होतं. माझी मान खाली गेली.

भाऊसाहेबांनी खोडरबर शोधलं, ते नाव नीट पुसलं आणि वरची भुकटी फुंकून टाकली.