तारेची जागा

आमच्या घरी अण्णांच्या आजारपणाचा विषय निघाला, की शेवट माझ्या कौतुकात होतो. तेव्हा मी उठून बाहेर जातो. का जातो, ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. नाटे गावात आमची आंब्याची बाग. ऐन काढणीत अण्णा बागेत चक्कर येऊन पडले. रत्नागिरीला नेलं, तर ठोके फारच मंद — पेसमेकर लागणार होता. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं.

"इथे मी पेसमेकरची तार हृदयाच्या खालच्या टोकाशी बसवतो," ते म्हणाले. "ठोका तिथून सुरू झाला की डावी बाजू जरा उशिरा आकसते. किनाऱ्यावर रापण ओढताना बघितलीय ना? दोन्हीकडची माणसं एकदम ओढत नसतील तर जाळं कसं येणार? पुष्कळांना काही होत नाही. पण यांचं हृदय आधीच अशक्त आहे. मुंबईत तारेची जागा बदलून दोन्ही बाजू बरोबरीनं चालवतात. तिकडे न्या."

मुंबई म्हणजे किती दिवस? आणि झाडावर तयार झालेलं फळ? मी बाहेर आलो आणि वहिनीला म्हणालो, "तार कुठेही बसवली तरी सारखंच, म्हणाले. इथेच करू." अण्णा खाटेवरून म्हणाले, "तू आहेस ना, मग मी कशाला बघू?"

आंबा वेळेवर बाजारात गेला.

पुढे अण्णांना धाप लागू लागली. तपासणीत हृदयाचं पंपिंग उतरलेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले, अजूनही दुसरी तार घालता येईल, बऱ्याच जणांना फरक पडतो. आणि मी? घरी सांगितलं — वयाचं आहे, मीठ कमी करा. खरं सांगितलं असतं, तर पहिल्या वेळीच का नेलं नाही, हे कुणीतरी विचारलं असतं. मला त्या प्रश्नाची भीती वाटली. भावाच्या श्वासापेक्षा जास्त.

एका सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. अण्णांनी हौसेनं दोरीला हात लावला. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "काय हो अण्णा, दोरी ओढताय की वाळत घालताय?" सगळे हसले. तोंडानं श्वास घेत अण्णाही हसले. आणि मी — त्यांची दोरी सैल का, हे तिथे फक्त मला माहीत होतं — मीही हसलो.

पुढचा हंगाम त्यांनी पाहिला नाही. मुंबईला नेऊन ते जगले असते का, मला माहीत नाही. या 'माहीत नाही'च्या आड मी बरीच वर्षं काढली.

दरवर्षी पहिले आंबे वहिनी माझ्याकडे पाठवते. यंदा स्वतःच घेऊन आली. टोपली ठेवत म्हणाली, "भावोजी, तुमच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नाहीत हो."

खरं आहे. म्हणूनच ते मुंबईला गेले नाहीत.