स्विचकाका आणि बंद खिडक्या

स्विचकाका कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघायचे. ज्या पंख्याखाली कुणी बसलेलं नाही तो बंद करायचे आणि मगच खुर्चीत टेकायचे. यजमानांना विचारायची पद्धत त्यांना ठाऊकच नव्हती.

खाडीकाठच्या कोपर गावातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलवर तर त्यांचंच राज्य. जुन्या ट्यूब काढून एलईडी लावायला लावल्या, गच्चीला पांढरा रंग दिला. "इथे एसी लागला की तिकडे कोळसा जळतो. धूर आपल्याला दिसत नाही, एवढंच," हे ते ऐन मंगलाष्टकांत शेजाऱ्याच्या कानात सांगत. लोक हसत. मीही हसायचो.

गंमत अशी, की हॉलला एसी आणला तो काकांनीच. तेव्हा ते अध्यक्ष होते. मुलीचं लग्न मे महिन्यात, वरपक्ष पुण्याचा. पाहुण्यांना घाम फुटायला नको म्हणून एसी बसवला आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खाडीकडच्या सगळ्या खिडक्यांवर प्लायवूड ठोकून घेतलं. लग्न झोकात झालं. चार दिवसांनी आवराआवर करायला आत गेलेले काका घामाघूम होऊन बाहेर आले. "अरे, मी काय करून बसलो!" म्हणाले. पूर्वी तिथे असा वारा यायचा की संध्याकाळी पंखासुद्धा लागत नसे. आता दहा बायकांच्या हळदीकुंकवालाही एसी लावावा लागायचा.

पुढे दर वार्षिक सभेत त्यांचा एकच विषय, खिडक्या उघडा. नवे अध्यक्ष म्हणायचे, "काका, लोक एसी बघून बुकिंग करतात. खिडक्या बघायला कोण येतंय?"

एका मुंजीत भर दुपारी वीज गेली. माणसं घुसमटली. काकांनी कुठूनसा पेचकस आणला आणि पहिल्या खिडकीचं प्लायवूड उतरवलं. बटूसकट सगळा मांडव तिथे गोळा झाला. इतके खूश झालेले काका मी पुन्हा पाहिले नाहीत. दुसऱ्याच दिवशी कमिटीने ते प्लायवूड परत ठोकलं आणि 'हॉलच्या मालमत्तेस हात लावू नये' असं पत्र त्यांना धाडलं. सेक्रेटरी म्हणून खाली सही माझी. पत्र घेऊन काका माझ्या घरी आले. वर रिकामा पंखा गरगरत होता, पण त्यांनी स्विचकडे पाहिलंही नाही. "खिडकी मीच बंद केली रे, तुझा काय दोष," एवढंच म्हणाले. मला आजही त्या सहीची लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. शोकसभा हॉलमध्येच झाली, एसी लावून. सगळे भरभरून बोलले, मीही बोललो. खिडक्यांचा विषय मात्र कुणी काढला नाही. काकांचा मोठा फोटो हॉलमध्ये लावायचा, असं एकमताने ठरलं. एका भिंतीला स्टेज, दुसरीला दार, तिसरीला आरसे. उरली पहिल्या खिडकीची जागा. ठराव मीच लिहिला, फोटोही तिथेच लागला, हारासकट.

आता ती खिडकी उघडायची तर आधी काकांना खाली उतरवावं लागेल. सभेत उठून तसं म्हणायची माझी छाती होत नाही.