कपिला आणि रोमचा बादशहा

नाण्यांचा संग्रह करायला अभ्यास लागतो, चिकाटी लागते आणि एक बादली लागते.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हाची गोष्ट. मी पालघरच्या शाळेत इतिहास शिकवायचो. छंद नाण्यांचा. त्यातही रोमन नाण्यांच्या आपल्याकडच्या नकलांचा! दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या सोनारांनी रोमच्या बादशहाचं तोंड हुबेहूब (म्हणजे जमेल तसं) उतरवलं, अक्षरांच्या जागी वाटेल ते ओरखडे काढले आणि वर भोक पाडून ते बायकांच्या गळ्यात घातलं. अशी नक्कल मी फक्त पुस्तकात पाहिली होती. एक दिवस सातपाटीची हिराबाई पापलेटांची पाटी घेऊन दारात बसली, आणि तिच्या गळ्यात तोच बादशहा!

“हिराबाई, ही तर नक्कल!” मी आनंदानं ओरडलो.

“नकली? माज्या सासूचा सोना नकली?” तिनं कोयता उचलला.

तिची समजूत काढताना चार पापलेटं जास्त घ्यावी लागली. शेवटी तिनं ते नाणं गळ्यातून काढून दिलं. “चार दिस ठेवा. पन नारली पुनवेला माज्या गल्यात पायजे हां, मास्तर. मरताना सासूनी हातात दिलाय तो.” मी शब्द दिला.

बायकोला सांगायची सोय नव्हती. (“आता एक जरी गंजका तुकडा घरात आणलात, तर मी माहेरी!” हे कमलचं वाक्य तोंडपाठ होतं.) मला हवा होता ठसा. सकाळी मी गुपचूप कणकेच्या एका उंड्यात नाणं दाबलं, तेवढ्यात कमलची बांगडी वाजली. मी उंडा मिटला आणि शाळेला पळालो!

दुपारी परातीत एकही उंडा नव्हता.

“त्या कडेच्या उंड्याचं काय केलंस?”

“गाईला घातला. रोज घालते तसा.”

गाय म्हणजे शेजारच्यांची कपिला. तिचे मालक तारापूरला बांधकामावर, त्यामुळे ती दिवसभर स्टेशन ते बाजार मोकळी! मी रजा टाकली आणि छत्री, काठी, बादली घेऊन तिच्या मागे लागलो. श्रावणातली सर आली की छत्री मी शेणावर धरायचो. पलीकडे तारापूरला लोक अणू फोडायच्या तयारीत होते आणि इकडे मी काठीनं पो फोडत होतो!

“मास्तर, कसलं व्रत हो?” एका आजींनी विचारलं.

“श्रावणातलं आहे. कडक आहे.”

त्या पाया पडल्या. दुसऱ्या दिवशी कपिलेला हार आणि मला केळी मिळाली. तपासलेलं शेण मी घरी नेत होतो. “पडवी सारवायला आणलंय,” म्हणालो की कमल गोड हसायची. तीन दिवस झाले, बादशहा काही बाहेर येईना! रात्री डोळ्याला डोळा लागेना. त्या बाईला तोंड कसं दाखवू?

पुनवेला सकाळीच सातपाटी गाठली. हिराबाई नवं लुगडं नेसून दारात उभी. मी हात जोडले, डोळ्यांत पाणी आलं. “हिराबाई, मला माफ करा, तुमचं नाणं...”

आणि बघतो तर बादशहा तिच्या गळ्यात!

“अवो, तो तर कवाच आला! मी मासली घेऊन दारात आले, तर माजा रिकामा गला बघून तुमच्या बायनी त्याच दिशी धुवून दिला. कनीक लागली हुती त्याला.”

मी तसाच घरी आलो. “कमल! नाणं सापडलं ते मला सांगायचं नाही?”

“तुम्ही नाणं कुठं विचारलंत? उंडा विचारलात, उंड्याचं सांगितलं.”

“अगं, पण तीन दिवस मी त्या गाईच्या मागे...”

“पडवी झाली, अंगण झालं, मागची ओसरी राहिली होती,” कमल शांतपणे म्हणाली. “म्हटलं, पुनवेपर्यंत आटपेल.”

अजूनही कुणी माझा नाण्यांचा संग्रह बघायला आलं, की कमल त्यांना आधी पडवी दाखवते.