आत्याने वाचवलेला डोळा

यमूआत्या मला आल्यागेल्यापुढे उभं करायची, माझ्या उजव्या डोळ्याखाली बोट ठेवायची आणि म्हणायची, "हा डोळा मी वाचवलाय हो!" सदाशिव पेठेत आमची पायरी चढलेल्या प्रत्येकाने हे ऐकलेलं आहे. माझं मत कुणी विचारलं नाही.

ती वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली, आणि पुढे सगळं घर तिच्या मुठीत गेलं. मी तान्हा असताना माझा उजवा डोळा चिकटला, पू धरला. वैद्यबुवांनी औषध दिलं आणि आठवडाभर पट्टी बांधायला सांगितली. तेवढ्यात डोळा बराही झाला. पण उघड्या डोळ्याला दृष्ट लागेल म्हणून आत्या पट्टी सोडू देईना.

"वन्सं, आता सोडू या का?" आईने भीत भीत विचारलं.

"माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं का? गप्प बस!"

मी रांगू लागलो, धरून उभा राहू लागलो, तरी पट्टी होतीच. सुटली तेव्हा डोळा अगदी स्वच्छ, पाणीदार. आत्याने पेठभर साखर वाटली.

मला शिलेदार व्हायचं होतं. दुसरं काही मनातच नव्हतं. वयात आल्यावर निवडीसाठी पागेच्या जमादारासमोर भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीत ठोकलेली मेख उपटायची होती. दर खेपेला भाला मातीत! जमादाराने माझा डावा डोळा झाकला आणि पुढे बोटं धरली. मला बोटं सोडा, हातही दिसेना.

"पोरा, ह्यो डोळा नुसता शोभेचा हाय," तो म्हणाला. तो हसला असता तर बरं वाटलं असतं.

वडील मला त्याच वैद्यबुवांकडे घेऊन गेले. पट्टीची हकीकत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, पाहणंसुद्धा मूल शिकतं, बोलण्या-चालण्यासारखं. आवाज कानी पडत होते, कान शिकले. या डोळ्याला तुम्ही उजेडच दिला नाहीत, तो काय शिकणार? आता वय गेलं. यावर औषध नाही."

आत्याने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डोळा चांगलाच आहे. पोरगं आळशी आहे!"

मी दफ्तरात कारकून झालो. माझ्या लग्नातसुद्धा व्याह्यांसमोर तिने डोळ्याखाली बोट ठेवलंच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शेवटच्या दुखण्यात तिने मला बोलावून घेतलं. मी अंथरुणाशी बसलो तो नेमकी ती माझ्या उजव्या हाताला आली.

"एकदा माझ्याकडे बघ रे," ती म्हणाली.

"बघतोय की, आत्या. तू वाचवलेल्या डोळ्याने बघतोय," मी म्हणालो, आणि मान वळवली नाही.