कडब्यावरचं बारसं

रोज सकाळी देवगाव फाट्यावर जीपमधून उतरलं की सुमंगलाबाई पानटपरीमागे जाऊन मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करायच्या आणि मगच गाणं शिकवायला शाळेत जायच्या. शाळा इंटरनॅशनल होती. सगळ्यात लांबून येणारं लेकरू शेजारच्या पाथरीचं होतं.

संस्थाचालक महारुद्र सरांनी यंदा सांगूनच ठेवलं होतं: नाताळचं गाणं नीट झालं तर बाई कायम, नाहीतर पुढच्या वर्षीपासून बाईंच्या जागी स्पीकर. बाईंनी गोठ्यात जन्मलेल्या बाळाचं एक जुनं गाणं निवडलं. गरीब माणसं थंडीत दारोदार फिरून अशी गाणी म्हणायची, असं त्या सांगायला लागल्या, तेव्हा सर म्हणाले, "बाई, इतिहास ऱ्हाऊ द्या. इंग्रजी दिसलं पायजे."

आणि ते दिसलंही. कार्यक्रमात कडब्यावर निजवलेल्या बाहुलीभोवती मुलं गाऊ लागली तसे पालक भारावून गेले, कारण कुणालाच काही कळत नव्हतं. पहिल्या रांगेतल्या मनकर्णाआजींना मात्र राहवेना. त्या मंचावर पेटी वाजवणाऱ्या बाईंपाशी येऊन वाकल्या.

"काय म्हणायलेत गं लेकरं?"

"बाळ जन्मलंय, त्याला निजवायलेत," बाई सूर न सोडता म्हणाल्या.

"म्हंजी पाळणाच की. मग पाळणा कुठंय? लेकराला कडब्यावर टाकलंय व्हय?"

आजींनी डोक्यावर पदर घेतला. त्यांच्यामागे बाकीच्या बायाही मंचावर चढल्या. पाहुण्यांच्या सत्काराची शाल दोघींनी दोन्हीकडून धरली, कडब्यावरची बाहुली तिच्यात गेली आणि झोके सुरू झाले. मुलांचं गाणं पुढे पळत होतं, झोका मागे राहत होता. पडद्याआडून सरांनी हाताने खुणावलं, थांबवा. सुमंगलाबाईंनी सरांकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं आणि पेटीची लय झोक्याला लावली. मुलंही संथ झाली. बायांनी मागून 'जो जो' धरलं.

"आत्या कोण हाय?" एकीनं विचारलं.

मुलांनी बाईंकडे बोट दाखवलं. रिवाजाप्रमाणे पाठीत धपाधप बुक्के बसले. पेटी थांबली नाही.

पाहुणे सत्काराविनाच खूश होऊन गेले. सरांनी बाईंना बाजूला घेतलं.

"लोकांला सगळं कळलं की, बाई. आता फीस कशाची घ्यावं आमी?"

स्पीकर त्याच संध्याकाळी ठरला. पेटी बाईंची स्वतःची होती. ती उचलून त्या फाट्यावर आल्या. जीप खच्चून भरलेली.

"दादा, जरा सरका," त्या म्हणाल्या, "पेटी मांडीवर घेते."