उन्हात न तपासलेली शेड

आमचे हे रंगाच्या दुकानात शेड जुळवतात. म्हणजे कुणी भिंतीचा पोपडा घेऊन आलं की तो डोळ्यांसमोर धरायचा, पांढऱ्या रंगात थेंब थेंब पिवळा, तांबडा, काळा सोडायचा आणि जुना रंग कुठे संपला न् नवा कुठे सुरू झाला ते घरमालकालाही कळू द्यायचं नाही. दुकानात यांना सगळे मास्तर म्हणतात. घरात मी म्हणत नाही, नाहीतर डोक्यावर बसतील.

तर या मास्तरांच्या उजव्या हाताच्या बोटांवर पांढरे ठिपके उठले. "रंग लागलाय, निघेल," म्हणत हे रोज टर्पेंटाइनने घासत बसायचे. निघतोय कसला! कातडी सोलवटली, ठिपके मात्र पसरत चालले. मग डावा हात, मग ओठाची कड. शेवटी मीच म्हटलं, "अहो, रंग लागला नाहीये. होता तो गेलाय."

मग काय, ज्याला त्याला कारण माहीत. नणंदबाई म्हणाल्या, दुधाबरोबर मासे खाल्ले असणार. आमच्याकडे मासे शिजत नाहीत आणि दूध यांना बघवत नाही! दुकानाच्या मालकांनी टेन्शनवर खापर फोडलं, जसं काही ते टेन्शन दुसऱ्याच कुणी दिलं होतं. यांनी स्वतः आंबट सोडलं, मग मीठ कमी केलं, आणि माझ्या स्वयंपाकाची पार वाट लावली. तेव्हा मी यांना धरून कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाई फटकळ, पण समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, "हे कोड. शरीराचे पहारेकरीच चुकून आपल्या माणसांवर काठ्या चालवतात. कातडीला रंग देणाऱ्या पेशी मरतात. असं का होतं, ते पुरतं कुणालाच माहीत नाही. जेवणाचा दोष नाही, शिवल्याने पसरत नाही. काही रसायनांनी काहींना त्रास होतो, म्हणून हातमोजे घाला. आणि ते घासणं आधी बंद! कातडी दुखावली की तिथे नवा डाग उठू शकतो." यांनी मान खाली घातली. मग बाईंनी मलम लिहून दिलं, प्रकाशाच्या उपचाराला बोलावलं. चेहऱ्याचा रंग बहुधा लवकर परततो, बोटं मात्र हट्टी, असंही सांगितलं.

दारात पोचल्यावर हे मागे वळले. "मुलाबाळांना होतं का हो?"

"बहुतेकांना नाही. काही घराण्यांत दिसतं."

यातलं दुसरं वाक्य तेवढं यांनी घरी आणलं.

पुढे लेक तान्ह्या मुलीला घेऊन राहायला आली. पहिली नात! पण आजोबा काही तिला घेईनात. आज कंबर धरलीय, उद्या हाताला रंग आहे. सुट्टीच्या दिवशी कसला हो रंग? ओठाची कड तोवर भरत आली होती, तरी हे पाळण्यापासून चार हात लांब.

एके दिवशी लेकीने फर्मान काढलं, "आज आजोबा-नातीचा फोटो!" हे गुपचूप दुकानात गेले. मागच्या खोलीत ट्यूबलाइटखाली, तोंडाला लावायची, कातडीच्या रंगाची दोन-तीन क्रीमं मिसळून हाताची शेड जुळवली. स्वारी ऐटीत परतली. अंगणात उन्हात आले आणि दोन्ही हात चक्क हिरवे! आयुष्यभर गिऱ्हाइकांना बजावत आले, "आधी उन्हात नेऊन बघा, मग घ्या," आणि स्वतः विसरले. मी इतकी हसले की खाली बसले. लेकही हसली. हे मात्र हसले नाहीत. हात धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन बसले.

आम्ही दोघी आत गेलो. लेक बाळाला घेऊन समोर बसली. "बाबा, आता खरं सांगा."

"शिवल्याने होत नाही, कळतं मला," हे खालमानेने म्हणाले. "पण माझ्या रक्तातलं हिच्यात उतरलं असेल तर? तिच्याकडे बघितलं की मी तिचं तोंड बघत नाही गं. डाग शोधतो."

लेकीने बाळ माझ्याकडे दिलं आणि सलवार गुडघ्यापर्यंत वर ओढली. गुडघ्याखाली तळहाताएवढा पांढरा डाग.

"लग्नाच्या आधीपासून आहे," ती म्हणाली. "नवऱ्याला माहीत आहे. मलम लावते, कधी कंटाळा करते. माझं काही अडलेलं नाही."

मी आई असून मला पत्ता नाही! राग आला, रडूही आलं. पण यांचा चेहरा बघून मी नुसती बाळाला थोपटत राहिले.

"मला का नाही सांगितलंस?" यांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याकडेही असंच बघितलं असतंत."

यांनी माझ्यासमोर हात पसरले. मी बाळ दिलं. तिने यांचं बोट पकडून थेट तोंडात घातलं, आणि हे तिच्या तोंडाकडे बघत राहिले, नुसते बघत राहिले.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "आणा इकडे, हात भरून आले असतील."

"थांब गं जरा," हे म्हणाले. "हिला खळी पडते. तुम्ही कुणी सांगितलं नाहीत मला?"